पट्टीवरची खालची खूण

१२ एप्रिल, शनिवार

तेल परत कमी! परवाच घातलं होतं. आज दुपारी पट्टी ओढली, तर खालच्या खुणेलाही टेकलेलं नाही.

ट्रकखाली वाकून बघितलं. माती कोरडी. एक थेंब नाही.

विक्रम झोपला होता — रात्रभर गोव्याला भाजी टाकून सकाळी आलेला. उठल्यावर सांगितलं. "मग घाल की," म्हणाला. बावीस वर्षं ट्रक चालवणाऱ्या नवऱ्याचं निदान.

घातलं.

१३ एप्रिल

हे काम माझ्याकडे आलं कसं? होळीनंतर क्लीनर हुबळीला नोकरीला गेला. मग माझ्या शाळेला सुट्टी लागली. विक्रम म्हणाला, "तेल-पाणी तू बघत जा. सुट्टीच हाय तुला." व्याकरण शिकवणाऱ्या बाईला सुट्टीत स्वतःचं काही काम असतं, यावर घरात कुणाचा विश्वास नाही.

काम सोपं आहे. पुढची जाळी उघडायची. इंजिनातली तेलाची पट्टी ओढायची, फडक्यानं पुसायची, परत आत घालायची, परत ओढायची. पट्टीवर दोन खुणा. तेल दोन्हींच्या मध्ये हवं. एम.ए.ला मराठी वाङ्मय शिकले, तिथं इतकं स्वच्छ कुणी काही सांगितलं नव्हतं.

१५ एप्रिल

गाडी आल्यावर खाली जुनी वर्तमानपत्रं पसरली. संध्याकाळी गाडी निघाली, तशी गोळा केली. बातम्या आहेत, डाग नाहीत.

मामंजी कट्ट्यावरून बघत होते. गाडी त्यांनी घेतलेली. आधी तेच चालवायचे. गुडघे गेले तेव्हा किल्ली मुलाकडे आली. गाडी मात्र अजून त्यांचीच आहे.

"काय गावलं?"

"काही नाही, मामा."

"मग तेल कुठं जाऊलालंय? उडून?"

"तेच बघतेय."

"इंजनाचा आवाज निरोगी हाय," म्हणाले. "मी ऐकतोय न्हवं रोज."

१७ एप्रिल

राजकुमारचा फोन. विक्रमच्या वर्गातला. बेळगावात एका शाळेच्या बस त्याच्याकडे आहेत. एक ड्रायव्हर सोडून गेला. जूनच्या पहिल्या सोमवारपासून माणूस हवा. सकाळी पोरं आणायची, संध्याकाळी सोडायची, रविवारी सुट्टी.

"लायसन्स हाय, एवढा अनुभव हाय, आणि काय बघायचं?" तो मला म्हणाला. "वहिनी, तुम्ही सांगा त्याला. वीस मेपातूर वाट बघतो."

विक्रमला सांगितलं. तो जेवत होता. "गाडी हाय तवर कसं?" म्हणाला, आणि कट्ट्याकडे मान वळवली.

कट्ट्यावरून उत्तर आलं. "चालतीया तवर इकायची न्हाय."

हे वाक्य या घरात माझ्याआधीपासून आहे. माझ्या लग्नात मामंजींनी माझ्या वडिलांनाही ते ऐकवलं होतं. विषय हुंड्याचा होता की ट्रकचा, वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही.

१८ एप्रिल

इथं लिहायला हरकत नाही. मला गाडी जायला हवी आहे.

फाल्गुनात घाटात ती कठड्याला घासली. उजव्या अंगाचा पत्रा सोलून आला. "समोरच्यानं लाईट मारली," विक्रम म्हणाला. तेवढंच. त्या रात्रीपासून तो निघाला की मी फोन उशाशी घेऊन पडते. घाटात रेंज नसते. रेंज नसते तेवढा वेळ मी काय करते ते इथंही लिहिणार नाही.

शाळेची बस संध्याकाळी परत येते. मला एवढंच हवंय. पण "चालतीया तवर" मध्ये येतं. आणि ती चालते.

१९ एप्रिल

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तेलाचाही प्रश्न देवीला विचारायचं काढलंय. मी म्हटलं, आधी मेस्त्रीला विचारू.

गेल्या वेळी गाडी घासल्यावर त्यांनी कौल लावला होता. गुरवानं देवीच्या अंगाला पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, उजवी पाकळी पडली. अर्थ निघाला: गाडीची पाठ देवळाकडे नको. मग पाडव्याला गाडी अंगणात फिरवून लावली. पूर्वी तोंड रस्त्याकडे असायचं. आता देवळाकडे. नाक वर करून उभी असते, एखाद्या संस्थाचालकासारखी.

२१ एप्रिल, सोमवार

बेळगावला, ऑटोनगरात. मष्णू मेस्त्री. तोंडात पान, हातात पाना, आणि बोलणं थांबत नाही.

"किती खाती?"

विक्रमनं माझ्याकडे बोट दाखवलं. "तिला इचार. तेलाची डाक्टरीण ती."

मी सांगितलं. रोज कमी होत नाही, पण दोन-तीन दिवसांनी घालावंच लागतं. खाली थेंब नाही.

मष्णूनं आधी रेडिएटरचं झाकण काढलं. पाण्यावर तेलाचा तवंग नाही. "हितं न्हाय." मग हवेच्या टाकीची खालची चावी सोडली. ब्रेक हवेवर चालतात. हवा भरणारा कंप्रेसर झिजला, तर तेल त्या टाकीत जाऊन बसतं, म्हणाला. फुस्स करून पाणी आलं. जरासं मळकं. "हितंबी न्हाय." त्याला प्रत्येक 'न्हाय'चा आनंद होत होता.

मग पट्टी ओढली.

"अहो वहिनी, हे तर वरच्या खुणेच्या बी वर हाय!"

"कालच घातलं मी."

"व्हय? मग मापात चुकलासा. असू दे. खातीच न्हवं, खाईल."

पट्टी त्यानं विक्रमपुढे धरली. "बघ." विक्रम म्हणाला, "मी काय बघायचं? तू बघितलास न्हवं." आणि चहा सांगायला गेला.

इंजिन धुवायचं ठरलं. वर खडूची पूड मारायची. दोन दिवस चालवायची. जिथून तेल सुटत असेल तिथं पूड काळी पडेल. खडू शाळेतून आणून देईन म्हटलं. मष्णू हसला. "इंजनाला बी शाळंत घाला!"

२२ एप्रिल

खडू कुटले. आत्याबाईंनी विचारलं, रांगोळी कशाला करतेस एवढी?

२४ एप्रिल

पूड पांढरीच. सगळीकडून. फक्त एका नळीच्या तोंडाखाली काळा ओघळ — इंजिनाला श्वास घ्यायला एक नळी असते, ती. मष्णूनं इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण काढलं. वाफ आली. झाकणावर तेलाचा फेस. मागं धूर, निळसर.

"गावलं!" तो म्हणाला. "रिंगा गेल्या. पिस्टनच्या कडंनं वारं खाली उतरतंय, तेल घेऊन नळीतनं बाहेर पडतंय. घाटात चढावर तर लईच. म्हणून घरात खाली थेंब पडत न्हाय — सगळं वाटंवर सांडतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे इंजन खोलायला पायजे. आणि खरं सांगू? एवढा खर्च करण्यापरीस..." पुढचं बोलला नाही. वाक्य अर्धं सोडायची कला त्याला येते.

मला आनंद झाला. चेहरा दुःखी ठेवला. विक्रमनं "बरं" म्हटलं. येताना काकती गाव आलं तेव्हा म्हणाला, "आप्पांना तूच सांग."

२५ एप्रिल

सांगितलं.

"मष्णूला म्हणावं, आधी स्वतःचे कान खोल," मामंजी म्हणाले. "रिंगा गेलेलं इंजन मला कळत न्हाय व्हय? कानात बोलतंय ते. हे बोलत न्हाय."

आत्याबाई म्हणाल्या, "तुमाला माझं बोलणं ऐकू येत न्हाय, आणि इंजन येतंय!"

विषय तिथं संपला.

२७ एप्रिल

अमावास्या. गाडीला नारळ, लिंबू, मिरच्या. देवीला नवं गाऱ्हाणं. तेल कमीच.

३० एप्रिल

घातलं.

३ मे, शनिवार

वर्षाच्या मिरच्या आल्या. संकेश्वरी. सगळं अंगण लाल. सकाळी विक्रम आला तेव्हा गाडी आत घ्यायला जागा नव्हती. आत्याबाई हात पसरून फाटकात उभ्या. "भाईरच लाव. मिरच्या वाळूपातूर."

मी म्हटलं, आणि देवळाकडे तोंड?

"मी सांगितलंय देवीला. तिला काय मिरच्या लागत न्हाईत?"

गाडी शाळेपुढच्या रस्त्यावर लावली. दुपारी तिथंच जाऊन पट्टी ओढली. तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर. पट्टी पुसून परत घातली. तेच. तीनदा केलं. रस्त्यानं जाणारा एक म्हातारा थांबून बघत होता.

मी काल तेल घातलं नव्हतं. आजही नाही.

५ मे

मिरच्या आत घेतल्या. गाडी आत आली. दुपारी पट्टी ओढली: खालच्या खुणेपाशी.

परवा रस्त्यावर भरून वाहत होतं. आज अंगणात कमी. मधे गाडी एकदा गोव्याला जाऊन आली, हे खरं. पण एका फेरीत एवढं जात नाही; गेलं असतं तर विक्रम रस्त्यातच राहिला असता.

स्वयंपाकघरातून मोठं ताट आणलं. गाडीशेजारी जमिनीवर ठेवलं. तांब्याभर पाणी ओतलं. पाणी मागच्या कडेला जाऊन बसलं. पुढची कडा कोरडी.

बराच वेळ तिथं उकिडवी बसले होते.

आत्याबाई दारातून म्हणाल्या, "कुणाला पाणी ठेवलीस गं? मांजराला?"

"व्हय."

६ मे

स्वच्छ लिहून काढते.

पाडव्यापासून गाडी नाक वर करून उभी. इंजिनातलं तेल उतारानं मागे जातं. पट्टी पुढच्या अंगाला आहे. तिला तेल लागत नाही. मी म्हणते, कमी. घालते. गाडी सपाट रस्त्यावर येते तेव्हा इंजिनात तेल जास्त. जास्तीचं तेल ते नळीतून बाहेर टाकतं, धुरात जाळतं. मग ते अंगणात येतं, मी पट्टी ओढते. कमी. घालते.

रिंगा गेलेल्या नाहीत. मष्णूनं जे दिसलं ते सांगितलं. मामंजींनी जे ऐकलं ते सांगितलं. देवीनं गाडी फिरवायला सांगितली, तेल बघायला नाही. उरले मी.

उतारावर पट्टी बघायची नसते — हे मला कुणी सांगितलं नाही. सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कुणी सांगत नाही.

संध्याकाळी सांगणार.

६ मे, संध्याकाळी

सांगितलं नाही. विक्रम निघताना म्हणाला, "मष्णू म्हणतोय तसं असंल तर आप्पा तरी किती दिवस धरून ठेवतील?" हे बोलताना त्याचा चेहरा सैल होता. पुष्कळ दिवसांनी.

मी म्हटलं, बघू.

८ मे

आज तेल घातलं. गरज नव्हती.

गरज नाही हे माहीत असताना घातलेलं हे पहिलं.

१० मे

घातलं.

१२ मे

पौर्णिमा. अंगणात पाहुणे. आत्याबाईंची बहीण गुंजीहून आली आहे. तिनं विचारलं, "सून गाडीला काय पाजते गं रोज?" सगळे हसले. मीही.

इंजिनाला काही होईल का, याची भीती वाटते. मष्णूला आडून विचारलं फोनवर — जास्त तेल घातलं तर काय होतं? "सील फुटत्यात. पण तुमच्या गाडीला त्याची काय भीती? ती ठेवतीया कुठं!" म्हणाला.

म्हणजे मी एक निरोगी इंजिन हळूहळू आजारी पाडते आहे. त्यानं उद्या घाटात काही झालं तर? विक्रमला घाटातून काढण्यासाठी मी त्याला घाटात अडकवते आहे. हा विचार दुपारी आला. तो जावा म्हणून शेवया केल्या.

आज घातलं नाही.

१४ मे

घातलं नाही, तरी धूर आहे. आधीचंच पुष्कळ आहे.

१६ मे, शुक्रवार

संध्याकाळी मामंजी म्हणाले, "मला वर चढवा."

विक्रमनं आणि मी धरून केबिनमध्ये बसवलं. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले त्यांनी. "सुरू कर." विक्रमनं खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. मामंजींनी डोळे मिटले. इंजिन चालू. आम्ही खाली उभे. आत्याबाई देवळाकडे बघत.

मग मामंजींनी डोळे उघडून आरशात मागचा धूर बघितला. संध्याकाळच्या उन्हात तो चांगलाच निळा दिसत होता.

"आवाज निरोगीच हाय," म्हणाले. "पण धूर खोटं बोलत न्हाय. इका."

धूर खोटं बोलत होता. मी तिथं उभी होते.

उतरवताना त्यांचं वजन लागलं नाही.

१७ मे

विक्रमनं राजकुमारला हो म्हटलं. फोन स्पीकरवर होता.

"आयतु, ठरलं! लई बरं झालं बघ. खाकी शर्ट शिवून घे दोन."

"लुंगी चालत न्हाय व्हय?"

"चालती की. मग पोरं तुलाच मास्तर म्हणतील, हेडमास्तर राजीनामा देतील."

विक्रम हसला. तो इतका हसलेला मी पाहिलेला नाही, असं लिहिणार होते. पाहिलेला आहे. पण पुष्कळ दिवस झाले.

आता सांगून काय उपयोग?

१९ मे

उपयोग असता. पण सांगितलं नाही.

२२ मे, गुरुवार

निपाणीचा भावकू आला. तंबाखूची ने-आण करतो. जाड, घामेजलेला, टोपी सरळ करत बोलणारा. मामंजींच्या पाया पडला. मग गाडीभोवती फिरला, टायरवर लाथा मारल्या, धूर बघितला, नाक मुरडलं.

"तेल खाती म्हणं?"

"खाती," विक्रम म्हणाला.

"खरं सांगितलंस. न्हाईतर लोक धूर बघून बी म्हणत्यात, अगरबत्ती लावलीया."

मष्णूशी त्याचं फोनवर बोलणं झालं. भाव इंजिन खोलायच्या हिशेबानं ठरला. मी चहा दिला. भावकूनं विचारलं, "वहिनी, तुम्ही मास्तरीण न्हवं? आमच्या पोराला मराठीत काठावर पास केलं कुणी तरी. तुम्ही न्हाईसा न्हवं?"

"नाही."

"मग चहा घेतो."

जाताना मामंजींनी त्याला थांबवलं. "सकाळी सुरू केल्यावर जरा वेळ तशीच ठेव. लगेच घाई करू नगंस." मग आत गेले. फाटकातून गाडी बाहेर पडताना बघायला ते आले नाहीत. आत्याबाईंनी नारळ फोडला.

अंगण मोठं दिसतं. मी उगाच तिथं जाऊन उभी राहिले. पायांना उतार लागतो. इतकी वर्षं लागला नव्हता.

२३ मे

रात्री विक्रम घरी. शेजारी घोरत होता. फोन उशाशी ठेवला नाही.

२६ मे

झोप झाली सलग. लिहायला काही नाही. याचीच मला सवय करायची आहे.

खाकी शर्ट शिवून आले. मला वाटतं बाह्या लांब आहेत. तो म्हणतो, असू दे.

२८ मे

भावकूचा फोन. विक्रम अंघोळीला गेलेला. मी घेतला.

"वहिनी! ही गाडी तेल खात न्हाय की!"

मी न्हाणीच्या दाराकडे बघितलं.

"नेली त्या दिवशी पट्टी बघितली तर नुसतं भरून वाहतंय. माझ्या मेस्त्रीनं जास्तीचं काढून टाकलं. तवापास्नं थेंब हालला न्हाय. धूर बंद! तुम्ही काय पाजत होतासा तिला?" आणि हसला. "बरं झालं माझं. पण आप्पांना सांगू नगा, वाईट वाटंल म्हाताऱ्याला."

विक्रम केस पुसत आला. "कुणाचा?"

"भावकू."

"काय म्हणतोय?"

"गाडी चांगली चाललीय म्हणाला."

२९ मे, गुरुवार

आमची शाळा आज उघडली. शिक्षक आले, मुलं आली नाहीत. वर्ग झाडून घेतले. दिवसभर ठरवत होते. संध्याकाळी अंगणात विक्रमला सगळं सांगितलं. उतार, ताट, पाणी. मिरच्यांच्या दिवशीची पट्टी. आणि सहा तारखेनंतर जाणूनबुजून घातलेलं तेल.

तो ऐकत होता. मधे एकदाच बोलला. "तू अंगणातच बघत होतीस? मला वाटलं, मी गाडी रस्त्यावर काढून जेवायला येतो, तवा बघतीस."

"दुपारी बघत होते. तुम्ही झोपल्यावर."

"आणि मुद्दाम घातलीस."

"हो."

तो चिडेल, भावकूला फोन लावेल, आत जाऊन मामंजींना सांगेल — काय काय धरून ठेवलं होतं मी. तसं काही झालं नाही. मातीवर जिथं गाडी उभी असायची तिथं दोन चर पडलेत. त्यातल्या एकात तो पायाच्या अंगठ्यानं माती सारत बसला.

"गेली ते बरं झालं," म्हणाला. "आप्पांना सांगू नगं."

एवढंच.

आता हे लिहिताना दुसरंच डोक्यात आहे. तेल मला सुट्टी लागल्यापासून कमी दिसत होतं. बावीस वर्षं गाडीवर असलेल्या माणसानं एकदा पट्टी हातात घेतली असती, तर त्याला तिथंच कळलं असतं. अंगणात, रस्त्यावर, मष्णूच्या गॅरेजात. मष्णूनं तर पट्टी तोंडासमोर धरली होती. विक्रमनं एकदाही बघितलं नाही. का, ते मी विचारलं नाही.

३१ मे, शनिवार

विचारलं.

उजव्या डोळ्यानं दिसत नाही. होळीच्या आधीपासून. डाव्यानं भागवतो, पण पट्टीवरच्या बारीक खुणा त्यानं दिसत नाहीत. कुणाला सांगितलेलं नाही, डॉक्टरलाही नाही. "बस दिवसाची असती गं. हळू चालवीन. पोरं हाईत, मला कळतंय की."

शर्ट खुंटीला होते. परवा सोमवार.

राजकुमारला फोन लावला. विक्रम समोर बसला होता. पलीकडे वाजत होतं तेवढा वेळ तो मान उजवीकडे वळवून माझ्याकडे बघत होता. राजकुमारनं उचलला. "हां वहिनी, बोला."

विक्रमनं फोन काढून घेतला नाही.